शेवरोले ३१०० पिकअप (१९५१): चार पावसाळे चालवल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

लहानपणी पावसात पिकअपमधून कुठे जायचं म्हटलं की माझी ड्युटी ठरलेली, वायपरची दोरी ओढायची. बाहेर वायपरला सुंभाची दोरी बांधलेली, ती बाजूच्या खिडकीतून आत घेतलेली, आणि ओढलेला वायपर परत जागेवर यावा म्हणून दुसऱ्या बाजूने सायकलच्या ट्यूबची पट्टी. बाबा "ओढ" म्हणाले की ओढायचं. फोंड्याहून निघून बोरीचा पूल येईपर्यंत माझी बाही खांद्यापर्यंत चिंब व्हायची. घरात सगळ्यांचं पक्कं मत होतं की ह्या गाडीचा वायपर मुळातूनच निकामी आहे आणि मीही मोठा होईपर्यंत तेच धरून चाललो होतो.

मग गाडी खोलली तेव्हा कळलं की वायपरला काहीच झालेलं नव्हतं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांसारखा हा वायपर व्हॅक्युमवर चालतो, म्हणजे पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये (ज्या नळकांड्यातून हवा आत जाते त्यात) जी ओढ तयार होते त्याच ओढीवर एका नळीने वायपरची मोटर फिरते, वायर नाही काही नाही. आणि १९७४ मध्ये पेट्रोलचे भाव चढले म्हणून बाबांनी पेट्रोल इंजिन उतरवून एका जुन्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं होतं. डिझेल इंजिनाला तशी ओढ नसते. नळी तशीच लोंबत राहिली, वायपर मेला, आणि ठपका गाडीवर आला.

हे सगळं आधी सांगतोय कारण ह्या पिकअपबद्दल लोकं ज्या तक्रारी करतात ना, स्टिअरिंग जड, लाईट मिणमिणतात, सकाळी उठत नाही, केबिन थरथरते, त्यातल्या बहुतेक गोष्टी नंतर कोणीतरी केलेल्या "सुधारणां"च्या आहेत. आमच्या गाडीतल्या अशा सुधारणा एकेक करून काढल्या आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी बरी झाली. तर हा रिव्ह्यू जी गाडी कारखान्यातून निघाली होती तिचा आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण घ्यायची असेल तर कुठल्या वर्षाची घ्यायची हे त्यावरच ठरतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या कंपन्या युद्धाआधीचीच मॉडेलं परत बनवून विकत होत्या. शेवरोलेचा ट्रकसुद्धा १९४१ च्याच डिझाइनचा होता. २८ जून १९४७ ला, म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्याला दीडेक महिना असताना, त्यांनी नवीन लाइन बाजारात आणली, नाव "अॅडव्हान्स डिझाइन". मला ह्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे जनरल मोटर्सची युद्धानंतरची पहिली पूर्ण नवीन गाडी हा ट्रक होता, शेवरोलेची नवीन डिझाइनची कार त्यानंतर १९४९ च्या मॉडेलला आली. आधी ट्रकवाला, मग कारवाला. आणि ट्रक चालवणाऱ्यांनी काय मागितलं होतं तर केबिनमध्ये जागा द्या आणि बाहेरचं नीट दिसू द्या. म्हणून तीन माणसं खांद्याला खांदा न घासता बसतील एवढी रुंद केबिन, मोठी काच, बोनेट पुढून उघडणारं, हेडलाईट मडगार्डच्या आतच बसवलेले, दरवाजाचे बिजागरेसुद्धा बाहेर दिसत नाहीत. पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. ती जाळी बघितली की ओळखायचं, ही तीच.

अर्ध्या टनाची ती ३१००, पाऊण टनाची ३६००, एक टनाची ३८००, त्याच्या वर मोठे ट्रक. ३१०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११६ इंच, मागचा हौदा ७८ इंच लांब आणि ५० इंच रुंद. त्या सगळ्या वर्षांत अमेरिकेत सर्वात जास्त ट्रक शेवरोलेचेच खपले. फोर्डने जानेवारी १९४८ मध्ये एफ-१ काढली (आज जी एफ सिरीज म्हणतात तिची सुरुवात तिथे), डॉजची पायलट हाउस त्याच वर्षी, स्टुडबेकरची नवीन १९४९ ला आणि इंटरनॅशनलची एल सिरीज १९५० ला. म्हणजे तीन-चार वर्षांत सगळ्यांनीच चेहरे बदलले, पण सुरुवात इथून झाली.

ह्या लाइनमध्ये दरवर्षी बारीकसारीक बदल होत गेले आणि तेच माहीत असायला हवेत. पहिल्या गाड्यांचा गिअर जमिनीवर, १९४८ मध्ये तीन गिअरवाल्यांचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आला. पेट्रोलची टाकी आधी हौद्याखाली होती, ती १९४९ मध्ये केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवली. १९५१ ला दरवाजाच्या खिडकीत पुढे ती तिकोनी फिरणारी काच आली आणि ब्रेकचं डिझाइन बदललं, नवीन बेंडिक्स ब्रेक आधीच्यांपेक्षा चांगले पकडतात. १९५२ ला दरवाजाचा फिरवायचा हँडल जाऊन बटणवाला हँडल. म्हणून तिकोनी काच आहे आणि हँडल मात्र फिरवायचाच आहे अशी गाडी दिसली तर डोळे झाकून १९५१ सांगा, दरवाजा बदललेला नसला म्हणजे. आमची तशीच आहे. कोरियाच्या युद्धामुळे तेव्हा क्रोमची टंचाई होती, त्यामुळे त्या सुमाराच्या गाड्यांवर चकाकणारं कमी आणि रंगवलेलं जास्त, तेव्हा कोणी "ओरिजिनल" म्हणून क्रोमचा मुलामा चढवून द्यायला लागला तर आधी विचार करा.

१९५४ ला जाळी बदलली, पुढची काच अखंड आणि वाकवलेली झाली, इंजिन २१६ चं २३५ क्युबिक इंच झालं. आणि २५ मार्च १९५५ ला ही लाइन बंद होऊन "टास्क फोर्स" आली, तिला कोपऱ्यातून वळलेली काच, १२ व्होल्ट, व्ही-८ चा पर्याय. ती दिसायला देखणी आहे हे मान्य. पण गोव्यात राहणाऱ्याने घ्यायची तर माझं मत स्पष्ट आहे, १९५१ ते ५३. कारण पुढची काच दोन सपाट तुकड्यांची आहे. सपाट काच फोंड्यातला कोणताही काचवाला लॅमिनेटेड शीटमधून पुठ्ठ्याच्या मापाने कापून देतो. वाकवलेली काच फुटली तर बोटीची वाट बघत बसा. आमची एक बाजू नारळ पडून फुटली आणि चौथ्या दिवशी नवीन बसली.

आता ही गाडी गोव्यात कशी. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून कारखाना होता, तिथे शेवरोले जुळवल्या जायच्या. फक्त सुटे भाग आणून जुळवणी करणाऱ्यांना सरकारने नको म्हटलं आणि १९५४ मध्ये तो बंद झाला, त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक सुरू झाले. पण गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर बाहेरचा माल मुरगाव बंदरातून यायचा, खाणींचा धंदा वाढत होता, हातात पैसा होता, आणि अमेरिकन गाड्या इथे घाटावरच्यापेक्षा सहज मिळायच्या. अजून एक, पोर्तुगालमध्ये १९२८ पासून गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायला लागल्या पण गोव्यात शेजारच्या भारतासारखी डावी बाजूच राहिली, त्यामुळे आमच्या गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखंच उजव्या हाताला आहे आणि मुक्तीनंतर काही बदलावं लागलं नाही. आजोबांनी ती १९६३ मध्ये मडगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, कुळागरातली, म्हणजे आमच्या बागायतीतली, सुपारी आणि नारळ बाजारात न्यायला. आजोबा तिला शेवरलेट म्हणायचे, शेवटचा ट ठासून.

इंजिन. सहा सिलिंडर एका ओळीत, २१६ क्युबिक इंच म्हणजे साधारण साडेतीन लिटर, ९२ हॉर्सपॉवर, नाव थ्रिफ्टमास्टर. आजच्या आकड्यांत हे काहीच नाही, पण ताकद इतक्या खालच्या फेऱ्यांना मिळते की आमच्या कुळागरातून वर रस्त्याला येणारी चढण, तांबडी माती, भर पावसात चिखल, हौद्यात नारळ, दुसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवून नुसती चालत वर येते. टायर खरवडत नाहीत, इंजिन ओरडत नाही.

ह्या इंजिनाची खासियत तेलाची व्यवस्था. आजच्या इंजिनात पंप दाबाने सगळीकडे तेल पाठवतो. २१६ मध्ये मुख्य बेअरिंगला आणि कॅमला तसं जातं, पण कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा) खाली एकेक छोटा पळीसारखा तुकडा असतो, तो प्रत्येक फेरीला खालच्या पन्हळीतलं तेल उचलतो, आणि वेग वाढला की बारीक नळ्यांतून तेलाची पिचकारी थेट त्या पळीवर उडते. म्हणून डॅशवरचा ऑइलचा काटा कायम कमी दिसतो. तो बघून लोकं घाबरतात, जाड तेल ओततात आणि मग पळ्यांना ते नीट उचलता येत नाही. काटा कमीच असतो हो. त्याला तसाच राहू द्या.

आणि रॉडची बेअरिंग बाजारातून आणून बसवायची नसतात, बॅबिट नावाचा मऊ पांढरा धातू वितळवून रॉडमध्येच ओतलेला असतो. दोन अर्ध्यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, शिम. बेअरिंग झिजलं की एक शिम काढायची, परत आवळायचं, गाडी पुन्हा घट्ट. म्हणजे मालकाने स्वतः, झाडाखाली, स्पॅनर आणि थोडा वेळ घेऊन इंजिनाचं आयुष्य वाढवावं अशी सोयच करून ठेवलीय, आणि हे काम करताना मला जे समाधान मिळालं ते मी दुसऱ्या कुठल्या गाडीत अनुभवलेलं नाही. पिस्टन बिडाचे आहेत, जड, त्यामुळे इंजिन पळवायचं नाही. मागच्या अॅक्सलचा रेशो ४.११ (वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या चारेक फेऱ्या), तासाला ६० ते ६५ किलोमीटरला गाडी खूष असते. ऐंशीला नेता येते, पण तिला ते नको असतं आणि ते आवाजावरून कळतं.

आमचं मूळ इंजिन वाचलं ते बाबांमुळे. १९७४ मध्ये उतरवलं तेव्हा भंगारवाला दारात येऊन उभा होता, बाबांनी दिलं नाही. गोठ्याच्या बाजूच्या खोपीत फळ्यांवर ठेवलं, वर गोणपाट आणि जुना पत्रा. आणि दरवर्षी दसऱ्याला घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडी पुजेला लागायच्या तेव्हा बाबा खोपीत जाऊन सहाही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडायचे आणि पुढून पान्याने इंजिन दोन-तीन फेऱ्या फिरवून प्लग परत लावायचे. मी ते लहानपणापासून बघत आलो आणि कधी विचारलं नाही कशाला. पंचेचाळीस वर्षांनी आम्ही ते बाहेर काढलं तेव्हा ते हाताने फिरलं. गोव्याच्या हवेत, जिथे एका पावसाळ्यात दाराची कडीसुद्धा जाम होते.

दुरुस्तीत एक वाईट अनुभव आला तो सांगतो. बॅबिट ओतायचं काम आता फार कमी ठिकाणी होतं, म्हणून मी घाटापलीकडच्या एका शहरातल्या वर्कशॉपला सगळे रॉड पाठवले. परत आले ते दिसायला सुंदर, घासूनपुसून, पॅकिंगसकट. गाडीत घातले, तीनशे किलोमीटरच्या आत खालून टकटक यायला लागली. इंजिनाखालचा तेलाचा पॅन उघडला तर दोन रॉडमधला बॅबिट पापुद्र्यासारखा सुटलेला. आमच्या इथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने, जो पूर्वी खाणीवरचे ट्रक बघायचा, तो तुकडा नखाने उचलून दाखवला आणि म्हणाला, "बाबा, हे लोखंडाला धरलंच नाही रे, आधी कथील चढवायला पाहिजे होतं, त्यांनी घाई केली." पैसे गेले, पावसाळा गेला. दुसऱ्यांदा त्यांच्याकडे न जाता एका वयस्कर ओतकाम करणाऱ्याला गाठलं आणि स्वतः समोर उभा राहून करून घेतलं, रॉड गरम केला, आतून कथिलाचा पातळ थर दिला, तो चांदीसारखा चमकायला लागल्यावरच बॅबिट ओतला. आज चौथा पावसाळा, टकटक नाही. तुम्ही करून घेणार असाल तर ओतण्याआधी कथील चढवता का एवढं एकच विचारा, उत्तराला जो वेळ लागेल त्यावरून माणूस कळेल.

टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ते, लावायची पद्धत मला फार आवडते. ह्यात पुढच्या पुलीवर खूण नाही. मागे, जिथे इंजिनला गिअरबॉक्स जोडतो, तिथे बाजूला एक छोटी खिडकी आहे, त्यातून फ्लायव्हील दिसतं, आणि फ्लायव्हीलमध्ये एक छोटा स्टीलचा गोळा ठोकून बसवलाय. खिडकीच्या काट्यासमोर तो गोळा आला की टायमिंग बरोबर. टायमिंग लाईट लावली की एवढं मोठं चाक गरागरा फिरत असताना तो गोळा एका जागी थांबल्यासारखा दिसतो, चमचम करत. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी पोराला हाक मारून बोलावलं आणि मग आम्ही आळीपाळीने बघत बसलो.

लाईट आणि स्टार्टर. गाडी सहा व्होल्टची आहे. आमच्याकडे कोणीतरी कधीतरी बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबल घातल्या होत्या आणि मग "सहा व्होल्टमध्ये दमच नसतो" असं सगळे म्हणायचे. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, साधं गणित आहे, केबल जाडच लागते. वेल्डिंगची जाड तांब्याची केबल घेतली, टोकं नीट दाबून बसवली, अर्थची वायर रंग खरवडून उघड्या लोखंडाला आवळली, झालं. आता पायाने स्टार्टरचं पेडल दाबलं (हो, स्टार्टर पायाने दाबायचा, एक्सिलेटरच्या बाजूलाच) की लगेच घेते. बारा व्होल्ट करून घ्या असा सल्ला देणारे खूप भेटतील. आधी केबल बदलून बघा एवढंच सांगतो.

चालवायला कशी? क्लच सवयीचा. ब्रेक चार चाकांना ड्रम, हायड्रॉलिक, बूस्टर नाही, म्हणजे पाय पूर्ण ताकदीने लावायचा आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका, त्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर जुळवून घेणारी सोय) नाही. डिझेल होतं तेव्हा नाक इतकं जड झालं होतं की स्टिअरिंगला बाबांचे दोन्ही हात लागायचे आणि केबिनच्या तळाला तडे गेले होते, मूळ इंजिन आल्यावर पहिल्याच फेरीला मला वाटलं स्टिअरिंगमध्ये काहीतरी सुटलंय, इतकं हलकं. सीटवरून बाहेर काय सुंदर दिसतं ते शब्दांत सांगणं कठीण, बोनेटचा उतार, दोन्ही बाजूंचे गोल मडगार्ड, गल्लीत गाडी कुठे टेकते ते डोळ्यांना दिसतं. हौदा रिकामा असेल तर मागचे स्प्रिंगचे पाटे उडवतात. थोडं वजन ठेवा, चार पोती पुरेत.

वायपर आता चालतो, पण त्याची एक रीत आहे. चढाला पाय दाबला की मॅनिफोल्डची ओढ कमी होते आणि वायपर मंदावतो, अगदी थांबतोसुद्धा, पाय जरा उचलला की सटासट दोन फेरे मारतो. चोर्ला घाटात जुलैमध्ये हे फार जाणवतं. चढताना मध्येमध्ये पाय उचलायची सवय लागते. ते नको असेल तर भर पावसात घाट चढू नका, मी आता शक्यतो चढत नाही.

गंज. गोव्यात ह्या गाडीचा खरा शत्रू हाच. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि तांबडी माती जी ओली असताना चिकटते आणि सुकली की आत ओलावा धरून बसते. ह्या मॉडेलमध्ये बघायच्या जागा म्हणजे केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाजाखालची पायरी, पायाजवळचा पत्रा, आणि मडगार्डचा तो भाग जिथे आतून आधाराची पट्टी लावलीय. घ्यायला जाताना चुंबक घेऊन जा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. आमच्या गाडीच्या मागच्या एका कोपऱ्यात पुट्टीच्या आत वर्तमानपत्र निघालं. फ्रेम मात्र ठणठणीत, तिच्यावर चार दशकं डिझेलचं ओझं होतं तरी कुठे वाक नाही.

हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची असते, मधे स्टीलच्या पट्ट्या. अमेरिकेत पाइन वगैरे वापरायचे. आमच्या मेस्ताने (सुताराने) किंदळीच्या फळ्या काढल्या, आमच्याच आवारातल्या पडलेल्या झाडाच्या, दोन वर्षं सावलीत सुकवलेल्या. पट्टीच्या खाली फळीची कड जाते तिथे त्याने हाताने रंधा मारून खाच केली आणि प्रत्येक फळीच्या मध्ये नखाएवढी फट ठेवली, पावसात लाकूड फुगेल म्हणून. ऊन पडलं की त्या फळ्यांचा वास येतो.

पार्ट मिळतात का, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. मिळतात, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपे. अमेरिकेत ह्या लाइनवर लोकांचं इतकं प्रेम आहे की रबर, जाळी, मडगार्ड, दरवाजाचे पत्रे, सगळं नव्याने बनतं. कस्टम आणि भाडं धरून किंमत चढते ते खरं. टायर ६.०० - १६, म्हणजे आपल्या जुन्या जीपचाच साइज, ते इथेच मिळतात. गॅस्केट, ऑइल सील, ब्रेकची रबरं माप दाखवून जमतात. एकच सांभाळा, उजव्या स्टिअरिंगचे भाग अमेरिकेतल्या कॅटलॉगमध्ये सहसा नसतात, तेव्हा स्टिअरिंगचा बॉक्स आणि पेडलचे दांडे मूळचे असतील तर सोन्यासारखे जपा.

पेट्रोल. लिटरला साडेसहा-सात किलोमीटरच्या आसपास मिळतात. कॉम्प्रेशन कमी असल्याने साधं पेट्रोल पुरतं. पण आता पंपावर जे इथेनॉल मिसळलेलं येतं ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं, आणि इथली हवा म्हणजे पाणीच. मी पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल चालेल अशा रबराच्या करून घेतल्या, आणि टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवतो म्हणजे आत ओली हवा राहायला जागाच नाही. टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच आहे हे विसरू नका, वास आला तर दुर्लक्ष करायचं नाही, त्याच दिवशी बघायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ मध्ये केंद्राने नियम केले, पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात असलेली खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर परत ५,०००. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो, आमचा जीडीवाला राहिला. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोज रस्त्यावर फिरवायची नाही, धंद्याला लावायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे सुपारीची पोती बाजारात न्यायचे दिवस गेले, ते आता दुसऱ्या गाडीने होतं, आणि पिकअप आवारातल्या आवारात काम करते. घरून कुळागराच्या खालच्या टोकापर्यंतचा अर्धा किलोमीटर आमचाच रस्ता आहे, तिथे तिला कोणी अडवत नाही. घेण्याआधी हे नक्की ठरवा की तुम्हाला ती कशासाठी हवी. रोजच्या वापराला हवी असेल तर घेऊ नका, स्पष्ट सांगतो, तिचे आणि तुमचे दोघांचेही हाल होतील.

जीप पिकअप का नको असं एकाने विचारलं. विलिसची पिकअपसुद्धा १९४७ चीच, चारही चाकं ओढणारी, चिखलात ती वरचढ. ज्यांची जमीन खरंच दलदलीची त्यांनी ती घ्यावी. पण केबिनमध्ये तीन माणसं बसून चार तास जायचं असेल तर शेवरोलेच्या पुढे मला कोणी दिसत नाही. आमची आई आता ऐंशीची आहे, तिला उंच गाड्यांत चढवावं लागतं, हिच्या पायरीवर ती स्वतः पाय ठेवून चढते आणि मधे बसते.

गेल्या चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) सगळं सामान खालच्या कुळागरातून हिच्यातूनच वर आणलं, सुपारीचे घोस, तोरिंगण, केळीचे लोंगर, नारळांचा घड, कांगलां. पाऊस होताच. बाबा चालवत होते, मी बाजूला, पोरगा मागे फळ्यांवर घोस धरून बसलेला. चढणीवर बाबांनी पाय दाबला, वायपर थांबला, आणि बाबा माझ्याकडे बघून "ओढ" म्हणाले. मग त्यांनीच पाय उचलला.

अजून दोन कामं बाकी आहेत. तिकोनी काचेचं रबर डाव्या बाजूचं घट्ट बसत नाही, पाणी थेंबथेंब येतं, नवीन मागवलंय. आणि हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या दांड्यात कुठेतरी घासते, वळताना आपोआप वाजतो, ते ह्या उन्हाळ्यात उघडणार. ज्यांच्याकडे उजव्या स्टिअरिंगची ३१०० आहे आणि हे काम केलंय त्यांनी दांडा वरून काढला की खालून ते जरूर कळवा.